चांगलं चाललंय तोवर

हडपसर,
६ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकला असशील. एकाच शहरातून बहिणीचं पत्र, म्हणजे कुणीतरी गेलं असणार. कुणी गेलेलं नाही. खाली बस आणि निवांत वाच.

फोन मी करू शकत नाही, हे तुला माहीत आहे. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज म्हणून जे काही येतं ती नुसती हवा असते. समोर बसलेल्या माणसालाही कान पुढे करावा लागतो. भाजीवाल्याला मी बोटानं दाखवते. जन्मभर महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर ओरडले, तेव्हाच सगळा आवाज वापरून झाला म्हणायचं. राहता राहिलं व्हॉट्सॲप. तिथं मी काहीही लिहिलं की तू अंगठा पाठवतोस. पूर्वाला मुलगी झाली, अंगठा. मला चिकुनगुनिया झाला, अंगठा. म्हणून आता कागद.

विचारायचं एकच आहे, पण ते पहिल्या ओळीत लिहायचं धाडस झालं नाही. दादा, तू माझ्याकडे येत का नाहीस?

ऑपरेशन झालं ते मार्च २०२० मध्ये. मला घरी सोडलं आणि लगेच सगळा देश बंद झाला. तेव्हा कुणीच कुणाकडे जात नव्हतं, ते दिवस मी धरत नाही. पण पुढं सगळं उघडलं, लोक काश्मीर बघून आले, तू हडपसर बघितलं नाहीस. पूर्वाच्या लग्नात भेटलास तर लांबून हात जोडलेस, वरपक्षाकडच्या पाहुण्यासारखे. मी जवळ यायला लागले तसा तू जेवणाच्या रांगेत शिरलास. ललिता वहिनी मात्र दर महिन्याला दोन बस बदलून येतात, डबा आणतात, माझ्या खिडक्यांच्या जाळ्या धुऊन जातात. दादा कुठं आहे विचारलं की त्यांचं तोंड उतरतं. "ग्राउंडवर," म्हणतात. ते ग्राउंड कात्रजला आहे म्हणे. कात्रजपर्यंत येणाऱ्या माणसाला हडपसर काय परदेशात आहे?

सगळ्यात जास्त काय लागतं ते लिहूनच टाकते. दरवर्षी मार्चमध्ये माझी तपासणी होते आणि दरवर्षी रिपोर्ट स्वच्छ येतो. कसा आला म्हणून सगळे विचारतात, दूधवालासुद्धा विचारतो. तू एकदाही विचारलेलं नाहीस.

आता येत्या मार्चला पाच वर्षं होतात. ही तपासणी नीट गेली की सुटलात, असं डॉक्टर म्हणतात. पूर्वा म्हणते, आई, ती झाली की फ्लॅट भाड्यानं दे आणि कायमची बेंगळुरूला ये. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. पुण्यात माझं कुणी आहे का, ते आधी कळायला हवं. हे असताना माझं पुण्यात एक घर होतं, आता चार भिंती आहेत.

रागावला असशील तर कशावर ते लिही. आजाराची भीती वाटत असेल तर तेही लिही. हा आजार बोलण्यातून लागत नाही, आणि लागत असता तरी माझ्याकडे बोलणं उरलेलं नाही.

उत्तर कागदावर हवं.

तुझी
शालन

०

वारजे,
१८ जानेवारी २०२५

प्रिय शालन,

जय भीम. पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून फळ्यावरचंच आहे, शेवटच्या बाकावरून दिसेल असं.

मी रागावलेलो नाही. कशावरही नाही. हे आधी लिहितो म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. गुडघा दुखतो. नवले पुलाचं तुला माहीतच आहे, तिथं सकाळी अडकलेला माणूस संध्याकाळच्या चहाला सुटतो. ललिता बसला घाबरत नाही, मी घाबरतो. एवढंच आहे.

ग्राउंडचं म्हणशील तर ते खरं आहे. सौरभ कॉलेजात बेसबॉल खेळायचा, तेव्हा त्याला बघायला म्हणून जायला लागलो. तो नोकरी लागून हैदराबादला गेला आणि त्या खेळातून सुटला. बाप अडकला. आमच्या क्लबचं नाव घाटमाथा. कात्रजला एका शाळेचं मैदान रविवारी सकाळी भाड्यानं मिळतं, तिथं आम्ही हरतो. "आम्ही" म्हणतो कारण खेळणारी पोरं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, बघणारे तेच राहतात. गेल्या वर्षी दोन सामने जिंकलो, त्यातला एक समोरचा संघ ट्रॅफिकमध्ये अडकला म्हणून. सौरभ विचारतो, बाबा, हरणाऱ्या टीमसाठी उन्हात कशाला बसता?  कंटाळा येतो, पाठ दुखते, घरी यावंसं वाटतं. पण जिंकणाऱ्यांकडे बसायला आपलं काय काम?

आमचे काही रिवाज आहेत, तू हसशील. प्रत्येकाचा दगड ठरलेला आहे. दुसऱ्याच्या दगडावर बसायचं नाही. संघ मागं पडला की सगळ्यांनी टोप्या आतली बाजू बाहेर करून घालायच्या. माधव म्हणून बँकेतले एक रिटायर गृहस्थ आहेत, ते चहाचा थर्मास आणतात, पण तिसरी इनिंग संपल्याशिवाय उघडत नाहीत. एकदा त्यांनी थंडीमुळे लवकर उघडला आणि आम्ही फार वाईट हरलो. ते त्यांना अजून ऐकवलं जातं. सुशीलाबाईंचा नातू पियुष आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्या सामनाभर शेंगा सोलत बसतात. सामना संपेपर्यंत त्यातला एक दाणा कुणी तोंडात टाकायचा नाही.

असो. लांबलं.

बेंगळुरूचं विचारलंस. पूर्वा प्रेमानं बोलावते आहे तर जा. हवा चांगली आहे तिथली. नातीत मन रमेल. बाकी जे जसं चाललं आहे ते तसंच चालू दे. त्यात उगाच हात घालू नये, असं मला वाटतं.

तुझा
भीमरावदादा

०

हडपसर,
२७ जानेवारी २०२५

दादा,

पत्र पोचलं. गुडघ्याला एक ओळ, नवले पुलाला एक ओळ आणि बाकी सगळ्या कागदावर बेसबॉल. मार्चचा म सुद्धा नाही.

सुशीलाबाई शेंगा कधी खातात ते मला आता माहीत झालं. मी काय खाते, मला गिळता येतं का, ते तुला माहीत नाही. माधवरावांना थंडी वाजलेली तुझ्या लक्षात आहे.

आणि टोप्या उलट्या करता? दर रविवारी संध्याकाळी विहारात वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलणारे भीमराव ते आपणच ना? मांजर आडवं गेलं की अप्पा आपल्याला मुद्दाम त्याच रस्त्यानं न्यायचे. मला आठवतं, तू पुढं असायचास आणि मी तुझ्या सदऱ्याला धरून मागं. आज तू टोपी उलटी घालून दगडावर बसतोस, हे अप्पांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला घरात घेतलं नसतं.

जा म्हणालास. तेवढं स्पष्ट लिहिलंस त्याबद्दल आभार. तपासणी झाली की जाईन. पूर्वाला आज तसा मेसेज केला.

मी दमले आहे, दादा. एवढा मोठा भाऊ गावात असून त्याची वाट बघत बसण्यापेक्षा गावच बदललेलं बरं.

शालन

०

वारजे,
७ फेब्रुवारी २०२५

शालन,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही.

तुझा गैरसमज झाला आहे. तो मी आत्ता दूर करू शकत नाही. का करू शकत नाही तेही आत्ता सांगता येत नाही. मार्च उलटू दे. त्यानंतर मी स्वतः हडपसरला येईन, दारात उभा राहून कान धरीन, तू म्हणशील तितका वेळ.

तोवर मला काही विचारू नकोस आणि माझ्याबद्दल वाईट समजू नकोस, एवढं कर.

दादा

०

हडपसर,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

काल मी तुझ्या ग्राउंडवर येऊन गेले. दचकू नकोस, तुला दिसले नाही. वहिनींकडून वेळ विचारून घेतली आणि रिक्षानं कोंढव्यावरून आले. रिक्षावाल्यानं जेवढे घेतले तेवढ्यात मी बेंगळुरू गाठलं असतं. मनात होतं की सगळ्यांसमोर तुझ्यापुढं येऊन उभी राहीन. माझ्या तोंडातून भांडण निघत नाही, पण उभं तर राहता येतं. तुझे मित्र विचारतील, या कोण? मग तू सांग, कोण ते.

तू पुढच्या दगडावर होतास, पाठमोरा. मान खाली घालून बसतोस, अप्पांसारखा. पाठ किती वाकली आहे तुझी. मला ते बघवलं नाही, म्हणून मी मागं बाभळीखाली टेकले. शेजारी शेंगा सोलणाऱ्या बाई होत्या, त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. मी त्यांना हळूच विचारलं, काय चाललंय? माझं हळू म्हणजे तुला माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. पलीकडचे गोरे, उंच गृहस्थ, पायाशी थर्मास म्हणजे माधवरावच, मात्र खूश होऊन माझ्याकडे सरकले आणि माझ्याहून हळू आवाजात म्हणाले, "आपल्याला नियम माहीत आहे वाटतं. फार बरं वाटलं. हल्ली लोक ग्राउंडवर येऊन मोबाईलवर दळणाचा हिशेब करतात."

मला कुठला नियम माहीत असणार! मी म्हटलं, माझा आवाजच एवढा आहे. त्यांना ते विनयानं म्हटल्यासारखं वाटलं असावं. मला पाण्याच्या टाकीमागं बोलावून घेतलं आणि तिथं सांगायला लागले. सहावी इनिंग चालू होती आणि समोरच्या संघातल्या एकालाही पियुषचा चेंडू नीट मारून पळता आलं नव्हतं. एकही हिट नाही. शेवटपर्यंत असंच राहिलं तर ते फार मोठं असतं म्हणे, क्लबच्या आयुष्यात एकदाही झालेलं नाही.

मी म्हटलं, "मग सगळे असे सुतकात का?"

"बाई, चांगलं चाललंय ना त्याचं," माधवराव म्हणाले. "चांगलं चाललंय तोवर त्याच्याजवळ जायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. कसं चाललंय म्हणून तर अजिबात विचारायचं नाही. आपण जिथं बसलोय तिथून हलायचं नाही. जगभर जिथं हा खेळ आहे तिथं हाच रिवाज आहे. आता मीच उठून इथं आलोय, काही बिघडलं तर हे लोक मला सोडणार नाहीत. ते पुढं बसलेत ना, भीमराव, ते तर पापणीसुद्धा हलवत नाहीत. आमच्यातले सगळ्यात पक्के."

दादा, मी टाकीला धरून उभी राहिले. 

मग मी त्या पोराकडं पाहिलं. समोरचा संघ चेंडू टाकत होता, आपली पोरं बाकावर होती. सगळी बाकाच्या एका टोकाला दाटीवाटीनं, आणि दुसऱ्या टोकाला पियुष एकटा. मधली जागा मोकळी. तो पाण्याची बाटली उघडत होता आणि बंद करत होता. मधूनच मित्रांकडे बघायचा आणि ते दुसरीकडे बघायचे. त्याला रिवाज माहीत असणार, तरी बघत होता. एकानं तरी येऊन खांद्यावर हात ठेवावा असं त्या पोराला वाटत होतं, हे मला इतक्या लांबून दिसलं. तुझ्या क्लबात कुणाला दिसलं नाही. मला दिसलं, कारण मी पाच वर्षं त्या टोकाला बसले आहे.

मला सांग, मी बरोबर समजले का? मी बरी होते आहे, म्हणून माझ्याजवळ यायचं नाही. रिपोर्ट चांगला येतो आहे, म्हणून विचारायचं नाही. हेच ना?

आठव्या इनिंगमध्ये कुणीतरी चेंडू मारलाच. अगदी साधा, दोघांच्या मधून गेला. आणि काय झालं बघितलंस ना? सगळी पोरं धावत त्याच्याकडे गेली. एकानं गळ्यात हात टाकला, एकानं टोपी काढून त्याचे केस विस्कटले. तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा हसला. सामना हरलात तरी तो मोकळा झालेला दिसत होता. म्हणजे माणसाचं बिघडल्यावरच तुम्ही त्याच्याजवळ जाणार?

तुला न भेटता निघून आले. भेटले असते तर रडले असते, आणि माझ्या रडण्याला आवाज नाही, ते फार वाईट दिसतं.

मंगळवारी ११ मार्चला सकाळी तपासणी आहे. डॉक्टर त्याच दिवशी सांगतात. तू यायचं. बाहेर नाही, गाडीत नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं. हे झाल्यावर कान धरलेले मला नकोत. होण्याआधी ये. नाही आलास तर मी बेंगळुरूला जाईन आणि तुझ्यावर रागावणारसुद्धा नाही. रागावायलाही माणूस आपलं लागतं.

तुझी
शालन

०

वारजे,
४ मार्च २०२५

प्रिय शालन,

तू बरोबर समजलीस.

तुझं पत्र ललितानं फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर कागद माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "पाच वर्षं मला वाटत होतं, तुमचं बहिणीशी गावच्या जमिनीवरून बिनसलंय. मी तिथं जाऊन जाळ्या धुतेय आणि तुम्ही इथं उपास केल्यासारखे बसलाय." मग उठून आत गेली. अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तुला सगळं सांगतो. तुझा पहिला रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी मी निघालो होतो. चप्पल पायात होती, हातात पिशवी होती. तेवढ्यात मोबाईलवर तुझा मेसेज आला, रिपोर्ट स्वच्छ आहे. मी दारातच थांबलो. मनात आलं, बंदमुळे वर्षभर मी गेलो नाही, काही विचारलं नाही, आणि हे चांगलं झालं. मग आता जायचं कशाला? चप्पल काढली. पुढच्या वर्षी पुन्हा स्वच्छ. मग तर मी हलायलाच घाबरलो. पूर्वाच्या लग्नात तू माझ्याकडे चालत यायला लागलीस तेव्हा पुढचा रिपोर्ट मला समोर दिसत होता. मी जेवणाच्या रांगेत शिरलो आणि ताटात काय वाढून घेतलं ते मला आठवत नाही.

तू म्हणशील, अप्पांचा मुलगा असून असं कसं? आई आजारी होती तेव्हा मी रोज उशाशी होतो. रोज डॉक्टरांना विचारायचो. तुझ्या यजमानांच्या वेळी तर मी रजा टाकून दवाखान्यात राहिलो. ज्याच्यासाठी ज्याच्यासाठी धावलो, ते माणूस राहिलं नाही. तुझ्या वेळी धावलो नाही आणि तू राहिलीस. विहारात मी जे बोलतो ते मला पटतं म्हणूनच बोलतो. कार्यकारणभाव समजावून सांगतो, लोक माना डोलवतात. घरी येऊन तुझा मेसेज बघतो आणि शब्द न लिहिता अंगठा पाठवतो, कारण एखादा शब्द जास्त गेला तर काय, ही भीती.

माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं, शालन. औषध माझ्या हातात नाही, डॉक्टर माझं ऐकत नाहीत. न हलता बसणं एवढंच मला करता येण्यासारखं होतं. ते मी मनापासून केलं. तुला सोडलं म्हणून नाही, तुला धरून ठेवायचं म्हणून. आता लिहिताना कळतं की तुझ्या बाजूनं दोन्ही सारखंच दिसत होतं.

थकलो आहे मी. हलायचं नाही, विचारायचं नाही, यानं माणूस किती थकतो ते कुणाला सांगायचीही सोय नाही. रविवारी पियुष बाटली उघडत होता ते मीही पाहिलं होतं. मी मान खाली घातली.

अकराला येतो. सकाळी लवकर निघेन, नवले पूल असला तरी. पण खरं सांगतो, पाय उचलत नाहीत. काही कमीजास्त निघालं तर मला माफ करायची तयारी ठेव.

दादा

०

हडपसर,
१८ मार्च २०२५

प्रिय दादा,

हे पत्र मी वहिनींच्या हातात देते आहे. त्या तुझ्यासमोर बसून ते तुझ्याकडून वाचून घेतील, मधली पानं सोडायची नाहीत. वहिनी सांगतात की मंगळवारपासून तू गॅलरीत खुर्ची टाकून बसला आहेस, धड जेवत नाहीस आणि "मी गेलो म्हणून झालं" यापलीकडे बोलत नाहीस. मला अंगठासुद्धा पाठवत नाहीस.

गाठ पुन्हा आली आहे, हे खरं. पुन्हा ऑपरेशन आहे, हेही खरं. ते मी गोड करून सांगणार नाही. मला भीती वाटते.

आता मी जे लिहिते ते पूर्वालाही माहीत नाही. ती गाठ मला डिसेंबरातच लागली होती. अंघोळ करताना, गळ्याच्या डाव्या बाजूला, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. मी हात काढून घेतला आणि दुसरीकडे साबण लावायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली, होती. तुला पहिलं पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच. तेच लिहायचं होतं. दादा, गाठ लागते आहे, ये, एवढीच ओळ. ती लिहिता आली नाही. वाटलं, कागदावर उतरली की खरी होईल. म्हणून फोनचं लिहिलं, लग्नाचं लिहिलं, तुझ्यावर चिडले. तपासणी लवकर करून घ्यायला हवी होती, तीही केली नाही. मार्चपर्यंत गप्प बसले. तुला टोपीवरून बोलणारी मी, आणि मी काय वेगळं केलं? अप्पांची दोन्ही मुलं सारखीच निघाली.

तर आता नीट विचार कर. तू वारज्यात न हलता बसला होतास, एक शब्द जास्त लिहीत नव्हतास, तेव्हा ती माझ्या गळ्यात वाढत होती. तुझ्या बसण्यानं ती थांबली नाही. तुझ्या येण्यानं ती आली नाही. विहारात हेच सांगतोस ना? मग स्वतःला एकदा सांग.

तुझ्या येण्यानं काय झालं ते तुला कळलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते. पाच वर्षं मी त्या डॉक्टरांसमोर एकटी बसते. भला माणूस आहे, पण मास्क लावतो, एसीची घरघर असते आणि बाहेर गर्दी असते. माझं बोलणं त्यांना ऐकू जात नाही. एक-दोनदा "काय म्हणालात?" विचारतात, मग मलाच लाज वाटते आणि मी मान हलवते. काही त्रास नाही म्हणायला आवाज लागत नाही. त्या दिवशीही तेच करणार होते. त्यांनी विचारलं, काही त्रास? मी पुटपुटले आणि सोडून दिलं. तू खुर्ची ओढलीस, कान माझ्या तोंडाशी आणलास आणि खणखणीत आवाजात म्हणालास, "ती म्हणते, घास अडकतो. झोपताना दोन उशा लागतात. आणि ती म्हणते की आपण घाई करू नये, तिचं अजून संपलेलं नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पाच वर्षांत माझं पूर्ण वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यांनी गाठीचं सांगितलं, तेव्हा तुझा हात माझ्या हातावर होता. शेवटपर्यंत तो तू काढला नाहीस.  वाईट बातमी ऐकताना शेजारी कुणीतरी असणं काय असतं, ते मी विसरून गेले होते. बाहेर आल्यावर तू मला रिक्षानं दारात सोडलंस आणि आत न येता निघून गेलास. तेव्हाच मला कळलं की तू डोक्यात काय घेऊन चालला आहेस.

बेंगळुरूचं पूर्वाला सांगितलं, ऑपरेशन पुण्यातच करायचं. ती येईल, सुट्टी मिळेल तेवढी राहील. तिनं विचारलं, आई, तिथं तुझ्याजवळ कोण आहे? मी तुझं नाव लिहिलं.

सोमवारी सकाळी ऑपरेशनच्या आधीची भेट आहे. मला डॉक्टरांना विचारायचं आहे की ही उरलेली हवासुद्धा या वेळी जाणार का. त्यानंतर मला कुणालाच काही सांगता येणार नाही का. आरशासमोर मी हा प्रश्न म्हणून पाहिला, तो मलाच ऐकू आला नाही. तो कुणीतरी मोठ्यानं विचारायला हवा, आणि उत्तर येईपर्यंत माझ्याजवळून उठायला नको.

तू विचार, दादा.

शालन